उसवलेली अक्षरं

आमच्या घरातल्या हीटरच्या पाइपांना आवाज करायची सवय आहे. थंडी पडली, गरम पाणी फिरायला लागलं की ते कुरकुरतात, मध्येच एखादी टक्‌ करतात आणि गप्प होतात. त्यामुळे त्या शनिवारी स्वयंपाकघरातला पाइप वाजायला लागला तेव्हा मी लक्ष दिलं नाही. आधणात आलं किसून घातलं. टक टक टक, मग जरा थांबा, पुन्हा टक टक टक. चहा गाळला, कप घेऊन खिडकीशी बसले, आईला फोन लावला. तिकडे तुळशीच्या लग्नाची गडबड होती, कुणाकुणाला बोलावलंय ते ती सांगत होती आणि मी हूं हूं करत होते. पंधरा-वीस मिनिटं तरी गेली असतील. फोन ठेवला, घरात शांतता झाली आणि तेव्हा कुठे डोक्यात आलं, की पाइप कधी असा मोजून वाजत नाही.

२०१९च्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. त्या आठवड्यात आमची केअरवोखे होती. श्टुटगार्टच्या जुन्या इमारतींमध्ये ही पाळी असते. दारावर एक छोटी पाटी येऊन लटकते, आणि ती पाटी आहे तोवर जिना, तळघर आणि समोरचा फुटपाथ झाडायचं काम तुमचं. मी तळघर झाडलं होतं, वर आले होते, जिन्याच्या तोंडाशी असलेलं दिव्याचं बटण बंद केलं होतं आणि दार ओढून घेतलं होतं. आत कुणी आहे का, हे बघितलं नव्हतं. बटण बाहेर आहे, आतून दिवा लावता येत नाही, हे मला माहीत होतं.

धावत खाली गेले. दिवा लावला. तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाचा लाकडी पट्ट्यांचा एकेक कप्पा आहे, त्यातल्या शेवटच्या कप्प्यात वरच्या मजल्यावरच्या आजी सफरचंदांच्या रिकाम्या खोक्यावर बसल्या होत्या. पाठ ताठ, अंगात कोट, मांडीवर कागदात गुंडाळलेलं एक गाठोडं. उजव्या हातात किल्ली होती आणि त्या किल्लीने त्या पाइपावर ठोकत होत्या. दिवा लागल्यावरसुद्धा त्यांनी तीनदा ठोकलं. मग डोळे उघडले.

“आलात,” त्या म्हणाल्या.

मी रडवेली झाले होते. “हाक का नाही मारलीत? मी वरच होते.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी अगदी भलतंच काहीतरी विचारलंय. “ओरडलं की हवा संपते,” त्या म्हणाल्या. तळघराला वरती दोन झरोके आहेत, त्यातून रस्त्यावरचा वारा येतो, बटाट्यांना हवा लागावी म्हणून ते बाराही महिने उघडे असतात. आजींनाही हे ठाऊक होतं. मी त्यांचा हात धरून त्यांना वर आणलं. हात बर्फासारखा गार. गाठोडं घ्यायला गेले, तर त्यांनी ते दिलं नाही.

सहा वर्षं मी त्यांचे बटाटे, लोणच्याच्या बरण्या, हिवाळ्याची सफरचंदं तळघरातून वर आणून देत होते. त्यांचे गुडघे दुखत असतील असं मी धरून चालले होते. आता वाटतं, मला इतकं कसं कळलं नाही? याच गुडघ्यांनी त्या रोज सकाळी जंगलाच्या वाटेने तासभर चढून यायच्या.

त्या तळघरात कधीच उतरत नसत.

संध्याकाळी वरण घेऊन वर गेले. माझं साधं वरण, वर तुपाची धार, त्यांना फार आवडायचं. त्या त्याला ‘पिवळं सूप’ म्हणायच्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, “आता तू मला ‘डू’ म्हण.” जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे आपलं तुम्ही आणि ‘डू’ म्हणजे तू. मोठ्या माणसाने आपणहून सांगितल्याशिवाय धाकट्याने ‘डू’वर यायचं नसतं, आणि इथे तर ते सांगायला लोकांना वर्षं लागतात. मला जर्मनमध्ये ते जड गेलं, दोन-तीन दिवस जीभ अडखळली. मग मनात मराठी करून बघितलं आणि एकदम सोपं झालं. आजीला आपण तूच म्हणतो.

त्या हिवाळ्यात आजी बोलली. एका बैठकीत नाही, आणि क्रमाने तर नाहीच. वरण पिता पिता, बटाटे सोलता सोलता. बटाट्याचं साल ती इतकं पातळ काढायची, की त्यातून पलीकडचं दिसावं. १९३४चा तिचा जन्म, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत. लढाई म्हणजे तिच्या लेखी आधी खेळच होता. विमानविरोधी तोफांच्या गोळ्यांचे तुकडे रात्री छपरांवर आणि रस्त्यांवर पडत, सकाळी शाळेत जाताना मुलं ते गोळा करत. तिच्याकडे बिस्किटांचा एक डबा भरून तुकडे होते. वर्गात त्यांची अदलाबदल चाले. उचलताना अजून कोमट असलेल्या तुकड्याला जास्त भाव. आणि दहाव्या वर्षी नाझींच्या मुलींच्या संघटनेत नाव घातलं जाई, ते सक्तीचंच होतं. पण आजी सक्तीच्या आड लपली नाही. काळा रुमाल आणि तो गळ्याशी अडकवायची चामड्याची विणलेली गाठ मिळवावी लागे, तशी तिने ती मिळवली. “मला ती हवी होती,” ती म्हणाली. “खूप हवी होती. घर जळलं तेव्हा मी त्या गाठीसाठी रडले, हे तुला सांगायला हवं.” मी गप्प बसले. दहा वर्षांच्या मुलीचं रडणं खरं असतं, आणि ती गाठ कशाची होती हेही खरं. या दोन गोष्टी मनात एकाच जागी ठेवायला मला आजही जमत नाही.

शहरावर एकूण ५३ हवाई हल्ले झाले. त्यातला १२ सप्टेंबर १९४४च्या रात्रीचा तिचा. आई, ती आणि चार वर्षांचा भाऊ तळघरात. शेजारच्या इमारतीला लागून असलेल्या भिंतीत एक चौकोन मुद्दाम कच्च्या विटांनी बुजवून ठेवलेला असे. आपली इमारत वर पेटली, जिना बंद झाला, तर कुदळीने तो चौकोन फोडायचा आणि पलीकडच्या तळघरात सरकायचं. अंधारात सापडावा म्हणून त्याच्याभोवती चमकणाऱ्या रंगाने खूण केलेली. मुलांना शिकवलेलं असे: बोलू नका, रडू नका, हवा पुरवा. आणि ढिगाऱ्याखाली अडकलात तर ओरडू नका, पाइपावर ठोका. तीनदा ठोका, थांबा, ऐका. त्या रात्री ते तिघं एका तळघरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे सरकत गेले आणि भलत्याच रस्त्यावर वर निघाले. तिचा एक बूट मागे राहिला. तोंडात चुन्याची चव होती आणि दातांखाली चुना करकरत होता. अजूनही इमारतीत रंगारी आले की ती दिवसभर घराबाहेर जाऊन बसते. त्या रात्री मागे ढिगाऱ्याखाली राहिलेल्या कितीतरी जणांचं ठोकणं थांबलं असेल. ती एवढंच म्हणाली, “दुसऱ्या तळघरात आम्हाला ऐकू येत होतं. आई थांबली नाही.”

तेव्हापासून माझ्या घरातला पाइप वाजला की मी मोजते.

आमची इमारत १९५३ची, पण तळघर तिच्याहून जुनं. वरचं गेलं, खालचं राहिलं, त्यावर नवं बांधलं. इथे अशी कितीतरी घरं आहेत. आजीने सांगितल्यावर मी खाली जाऊन बघितलं. सायकली लावतो तिथल्या भिंतीत, कमरेच्या उंचीपासून खाली, चौकोनी तुकड्यातल्या विटा वेगळ्या आहेत. सहा वर्षं मी तिथे सायकल टेकवत होते.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, हिच्याच वयाची. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापूस भरलेल्या फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा ती गिरगावात दहा वर्षांची होती. मांडणीवरची भांडी खाली आली, लोक जिन्यावरून धावत सुटले, जपानी आले म्हणून ओरडा झाला. त्या जहाजात सोनंही होतं, आणि सोन्याची वीट कुणाच्या तरी घरात जाऊन पडली, ही गोष्ट ती आम्हाला उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर झोपताना सांगायची. आम्ही दरवेळी ‘पुढे काय झालं?’ विचारायचो आणि ती दरवेळी थोडं वाढवून सांगायची. रेशनचा लाल गहू, कापडाची टंचाई, दोऱ्याचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवायची सवय, हे दोघींचं अगदी सारखं होतं. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, त्याचे समारंभ होतात, मी त्यांना जाते. पण माझ्या डोक्यात भगिनी म्हणून या दोघीच येतात. आणि तरी फरक होता. माझ्या आजीची गोष्ट गच्चीवर नातवंडांना सांगता येण्यासारखी होती. हिच्या गोष्टीत एक गाठोडं होतं.

ते तिने जानेवारीत उघडलं. आत एक चादर. जुनं, जाड, धुऊन धुऊन मऊ झालेलं लिननचं कापड. तिने कोपरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “बोटाने बघ.” बोटाखाली बारीक खडबड लागली, भोकांची रांग.

घर जळल्यावर महिनाभराने आई कुठल्याशा कचेरीतून कागद घेऊन गेली आणि गाठोडं घेऊन आली. दोन चादरी, चार उशांचे अभ्रे, एक टेबलक्लॉथ. बेघर झालेल्यांना सामान वाटत होते. सगळ्या कापडांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोन अक्षरं भरलेली होती, पूर्वी मुली लग्नाआधी रुखवताच्या कापडांवर भरत तशी. त्या रात्री आईने दिव्याजवळ बसून नखं कापायच्या कात्रीने एकेक टाका उसवला. लाल दोरा वाया घालवायचा नव्हता. आजीने त्याचे तुकडे काडेपेटीच्या काडीवर गुंडाळून ठेवले, आणि त्या हिवाळ्यात भावाच्या हातमोज्याला अंगठ्याशी पडलेलं भोक त्या दोऱ्याने शिवलं. दहा वर्षांची होती. तिने विचारलं, ही कुणाची अक्षरं? आई म्हणाली, कुणाचीच नाहीत.

पण तिला ठाऊक होतं, असं ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, ठाऊक नव्हतं, पण विचारायचं नाही हे ठाऊक होतं. त्यांच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहायच्या, ती त्यांच्याकडून बटणं आणायची. १९४१च्या सप्टेंबरात त्या बाईंच्या कोटावर पिवळा तारा आला, ज्यू माणसांनी सक्तीने लावायचा. सात वर्षांच्या हिला तो फार सुंदर वाटला आणि आईकडे तिने तसाच मागितला. आईने आयुष्यात एकदाच तिच्या थोबाडीत मारली, ती त्या दिवशी. थंडी सुरू झाल्यावर त्या बाईंच्या दारावर कागदाची सीलपट्टी दिसली. १ डिसेंबर १९४१ला या भागातल्या सुमारे १००० ज्यू माणसांना गाडीत घालून लॅटव्हियातल्या रिगाला नेलं. त्याआधी त्यांना गोळा केलं होतं ते किलेसबर्गच्या बागेत, फुलांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या हॉलमध्ये. किलेसबर्गला आम्ही दर उन्हाळ्यात जातो. तिथे छोटी आगगाडी आहे, डेलियाचे ताटवे आहेत, मुलगी आइस्क्रीमने हात बरबटून घेते. रेल्वेच्या नॉर्डबानहोफ स्टेशनाजवळ आता त्या माणसांच्या नावांची भिंत आहे. आजीबरोबर मी तिथे गेले. ती भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली आणि परत आली. बटणवाल्या बाईंचं आडनाव तिला आठवत नव्हतं. तिला त्या ‘खालच्या बाई’ म्हणूनच माहीत होत्या.

पुढची वर्षं ती भरभर सांगायची, जणू ती सोपी होती. शाळेतून आल्यावर ढिगाऱ्यातल्या विटा हातोडीने ठोकून चुना काढायचा, साफ विटा रचायच्या. १९४६-४७चा हिवाळा भुकेचा आणि गारठ्याचा. आई आगगाडीच्या पायरीवर लटकून खेड्यात जायची, माहेरहून आणलेलं, जळताना वाचलेलं एकेक देऊन बटाटे आणायची. दप्तराला पत्र्याचा डबा टांगलेला, शाळेत अमेरिकेकडून येणारं वाटाण्याचं सूप त्यात मिळे, ते घरापर्यंत न सांडता आणून भावाला अर्धं द्यायचं. २० जून १९४८, रविवारी माणशी ४० नवे मार्क हातात आले, आणि सोमवारी दुकानांच्या काचांमागे ॲल्युमिनियमची पातेली चमकत होती. इतके दिवस ती कुठे होती, असं आई काचेला नाक लावून पुटपुटत राहिली. वडील रशियातल्या कैदेतून १९४९ला परतले. दार आजीनेच उघडलं. समोर एक म्हातारा, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. ती म्हणाली, “तुम्हाला कोण हवंय?” कळल्यावरही तीन दिवस तिच्या तोंडून वडिलांना ‘झी’च निघत होतं. आपल्याकडे वडिलांना अहो-जाहो म्हणणं आदराचं, आमच्या घरात ते सहज होतं. तिथे ते परक्या माणसाला म्हणायचं असतं. वडील काही बोलले नाहीत. ते रशियाबद्दलही कधी बोलले नाहीत. घर चार हातांनी उभं राहत होतं, कामाला जायचं होतं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला नोकरी लागली होती, पहिल्या पगारात तिने भावाला बूट घेतले. शहराचा ढिगारा १९५३ ते १९५७ या काळात ट्रकांनी बिर्केनकोप्फ टेकडीवर नेऊन टाकला, टेकडी ४० मीटरने उंच झाली. लोक तिला लाडाने खापरांचा डोंगर म्हणतात. वर जुन्या इमारतींचे कोरीव दगड, खिडक्यांच्या कमानी तशाच पडल्या आहेत, त्यावर बसून लोक सूर्यास्त बघतात. आजी रोज जंगलाच्या वाटेने त्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाते आणि मागे फिरते.

आम्हाला शाळेत सर सांगायचे, जर्मनीकडे बघा, राखेतून देश कसा उभा राहिला. निबंधात हे वाक्य लिहिलं की गुण मिळायचे. सरांवर माझा राग नाही, इथली माणसं राबली हे मी माझ्या डोळ्यांसमोर बसलेल्या हातांवरून सांगू शकते. पण आता ते वाक्य वाचलं की मला दिव्याजवळ बसलेली ती बाई दिसते. घर जळालंय, दोन लेकरं गारठ्यात झोपलीयत, नवरा कुठे आहे ठाऊक नाही, आणि ती कुणाचं तरी नाव टाक्याटाक्याने उसवतेय. देश उभा राहिला, त्याच्या अंथरुणात ही चादर होती. मला त्या आईची दया येते. मला तिचा रागही येतो. दुसऱ्या तळघरात जे ठोकत होते त्यांच्यासाठी थांबली असती तर तिची मुलं वाचली नसती, हे मला समजतं. दोरा उसवताना तसं काही नव्हतं.

१९६३च्या शेवटी फ्रँकफुर्टला आउशवित्सचा, म्हणजे नाझींच्या त्या मृत्युछावणीतल्या लोकांवरचा, खटला उभा राहिला. तो उभा करणारे सरकारी वकील फ्रित्स बाउअर याच शहरात जन्मलेले. तेव्हा आजी एकोणतिशीची होती, पेपरात रोज साक्षी यायच्या. एका रविवारी तिने पेपर बाजूला ठेवून आईला विचारलं, आई, ती अक्षरं कुणाची होती? आई म्हणाली, “तेव्हा सगळ्यांनाच मिळत होतं.” उठली आणि कप धुवायला लागली. कप धुतलेलेच होते.

आई गेल्यावर कपाटातून चादर निघाली. बाकी सगळं बटाट्यांपायी गेलं होतं, ही का राहिली हे आजीला कळलं नाही. तिने ती कधी अंथरली नाही, कुणाला दिली नाही, फाडली नाही. घरात ठेववेना म्हणून तळघरात ठेवली, आणि तळघरात तिचं पाऊल पडत नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षं ती चादर तिथे होती.

मग त्या ऑक्टोबरात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर फुटपाथमध्ये पितळेचे चार छोटे चौकोन बसवले. श्टोल्परश्टाइन, नेलेल्या माणसांच्या आठवणीचे, दहा सेंटिमीटरचे. इथे राहत होते, अमुक, जन्म, नेलं ते वर्ष, रिगा. असे चौकोन आता युरोपभर आहेत. आजी रस्त्याने जाताना मध्येच वाकून उभी राहते, हे मी खिडकीतून बघत होते. दम लागत असेल असंच मला वाटायचं. ती अक्षरं जुळवत होती. आणि दुसरं अक्षर नक्की कोणतं, हे तिला आठवेना, म्हणून त्या शनिवारी, पंचाऐंशीव्या वर्षी, कोट घालून, किल्ली घेऊन ती एकटी तळघरात उतरली. दिवा लावून उतरली होती.

मी तिला सांगितलं, की ही चादर या गल्लीतली असेलच असं नाही. पॅरिसहून, ॲमस्टरडॅमहून घरंच्या घरं रिकामी करून सामान आगगाडीने इकडे आणलं होतं आणि बेघर झालेल्यांना वाटलं होतं, हे मी वाचलं होतं. वाचलेलं सांगताना मला वाटलं मी तिचं ओझं हलकं करतेय. “मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तरी बघू या.”

जानेवारीतली दुपार, चार वाजता उजेड जातो. आम्ही दोघींनी चादरीची दोन टोकं धरली आणि कोपरा खिडकीच्या काचेला टेकवला. कापडातून उजेड आला तशी भोकं ठिपक्या-ठिपक्यांनी उजळली. पहिलं अक्षर स्पष्ट होतं, एल. दुसऱ्याची उभी रेघ दिसत होती आणि वरचा गोलवा. आजी म्हणाली आर. मला बी वाटत होतं. खालच्या बाजूला कापड विरलं होतं, तिथे टाक्याचं भोक कुठलं आणि झिजल्याचं कुठलं, कळत नव्हतं. “मागून बघ,” ती म्हणाली. मी चादर उलटी केली. अक्षर उलटं झालं. आजीने चष्मा काढला, नाक जवळजवळ काचेला लावलं आणि बोटाचं टोक एका एका भोकावर ठेवत खाली खाली जायला लागली. उजेड कमी झाला तशी मी खुर्ची ओढली, तिच्यावर उभी राहिले आणि कोपरा खिडकीच्या वरच्या काचेपर्यंत नेला.